जिवंत तेवढीच

मैदानावर चुन्याने शून्य ते आठ आकडे काढून पवन सर घाम पुसत उभे होते. "सर, आज पीटी शे का?" शिपायाने विचारलं. "नाही, संख्याशास्त्र," सर म्हणाले. शिपाई हसत निघून गेला.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाची दीडशे पोरं वर्गात मावत नव्हती, आणि फळ्याकडे बघून जांभया देणंही आता बंद व्हायचं होतं. पोरांनी स्वतः करून शिकायचं, असं पुण्याच्या प्रशिक्षणात ठरवून दिलं होतं. ते बघायला तपासणी समिती व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसली होती. पवनची तासिकेवरची नोकरी पुढच्या वर्षी राहते की जाते, ते आजच ठरणार होतं.

"जितकी भावंडं, त्या आकड्यावर रांग लावा! आपणच आपला आलेख!"

पोरं खुशीत धावली. सहा-सातच्या रांगा भलत्याच लांबल्या. तेवढ्यात धडगावकडच्या निशाने सहावरून हात वर केला.

"सर, मेलेली पण धरलीत मी. धरायची ना?"

पवनने हातातला भोंगा खाली घेतला. पुण्यात हे कुणी विचारलं नव्हतं. पण त्याला तरी सुचायला हवं होतं. तोही तिकडच्याच डोंगरातला. त्याची आई जमनाबाई अजूनही चार मुलं सांगते, दोघंच जगली तरी.

"फक्त जिवंत, सर!" समितीच्या मॅडम व्हरांड्यातून ओरडल्या. "नाहीतर आलेख बिघडेल."

पवनने भोंगा तोंडाला लावला. "फक्त जिवंत!"

उजवीकडच्या रांगा मोडल्या. पोरं मुकाट्याने डावीकडे सरकली. काहींना बोटांवर पुन्हा मोजावं लागलं. निशा सहावर एकटीच उरली.

पवन तिच्याजवळ गेला. "जिवंत किती?"

"तीन."

"मग तीनवर जा ना."

"सहाही जण मीच कडेवर घेतलेत, सर."

पवनने व्हरांड्याकडे पाहिलं. "सरक," तो म्हणाला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. निशा सरकली.

फोटो निघाले. मॅडम खाली उतरून आल्या. "आता कसा घंटेसारखा सुबक आकार आला! तुम्ही उभे राहिला असता तर कुठे, सर?"

तीनच्या रांगेतून निशा बघत होती.

"एकवर, मॅडम," पवन म्हणाला.