जगातल्या सगळ्या म्हाताऱ्या

लाँड्रीत ड्रायरमधून चादर निघाली की दोघी सासूसुना दोन टोकं धरत. एक झटका, मग ताण, मग घडी. घडी घालत एकमेकींकडे चालत यायचं आणि मधोमध भेटलं की सुनेनं एक कोरियन वाक्य म्हणायचं. मग चादर सासूच्या हातात द्यायची आणि पुढची काढायची. चादरी दवाखान्याच्या होत्या, जाड आणि लांबरुंद. एकटीला त्या आवरत नसत.

भाषेची परीक्षा उद्यावर आली होती. पास झाली तर सून कोरियात वृद्धाश्रमात कामाला जाणार होती. सासूचा मुलगा वारल्यापासून घरात या दोघीच. सून गेली की सासू एकटी उरणार, हे दोघींना ठाऊक होतं. तोंडातून मात्र अजून एकीनंही काढलं नव्हतं.

सुनेनं एक वाक्य म्हटलं आणि त्याचा अर्थ सांगितला, की म्हातारपणी माणसाला कमी ऐकू येतं.

"मला येतं की चांगलं," सासू म्हणाली.

"तुमच्याबद्दल नाही हो आई. सगळ्यांबद्दल आहे ते."

परीक्षेतल्या निबंधात घरचं काही सांगायचं नाही, असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. मी, माझं, आमच्याकडे, हे चालत नाही. बोलायचं ते सगळ्या जगाबद्दल. त्यासाठी त्या भाषेत वाक्याच्या शेवटी जोडायची ठरलेली शेपटं होती. एक जोडलं की 'बहुधा असं असतं', दुसरं जोडलं की 'तसा कल दिसतो'. 'मार्यॉनिदा' जोडलं की 'असं व्हायचंच, त्यात नवल नाही'. हे शेवटचं सासूला फार आवडलं होतं. सकाळी इस्त्रीवाल्यानं एका शर्टाची कॉलर करपवली, तेव्हा ती त्याच्याकडे बघून मान हलवत 'मार्यॉनिदा' म्हणाली होती. शिवी असावी असं वाटून तो बिचारा जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्याशी बोलला नव्हता.

पुढच्या तीनचार चादरी सून नुसत्याच घड्या घालत राहिली. मधोमध भेटायची आणि मुकाट्यानं मागे फिरायची. सासूनं विचारलं, वाक्यं संपली की काय.

वाक्यं संपली नव्हती, ती अडली होती. सरावाला बाईंनी विषय दिला होता, म्हाताऱ्या माणसांनी मुलांजवळच राहावं का. एक बाजू धरायची आणि ती शेवटपर्यंत सोडायची नाही. सुनेला कुठलीच धरता येत नव्हती. इकडून चार ओळी लिहायची, तिकडून चार ओळी. बाई म्हणाल्या होत्या, असं डळमळीत लिहाल तर नापास व्हाल.

"नाहीतरी उद्या माल जास्त यायचाय," सून चादरीकडे बघत म्हणाली. "परीक्षेला जायचं की नाही ते बघू सकाळी."

सासूनं आपल्या टोकाला असा हिसका दिला, की सुनेच्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं.

"मी सांगते, तू त्यांच्या भाषेत म्हण. म्हाताऱ्या बायकांना एकटं राहता येतं."

सुनेनं म्हटलं. आवाज बारीक निघाला.

"कुणी त्यांच्यासाठी थांबलं, तर त्यांना बरं वाटतं असं नाही. कुढत बसतात, की आपल्यापायी पोरगी अडकली."

"पोरगी चालणार नाही, आई. तरुण माणसं म्हणावं लागेल."

"बरं. तरुण माणसं अडकली." सासूनं घडी जुळवली. "आणि एकटं राहायला लागलं, की म्हाताऱ्या बायका पहिल्यांदा चुकून दोन ताटं काढतात. मग एक परत ठेवतात. मग हळूहळू हाताला सवय होते." थोडं थांबून तिनं आपणच शेवटी जोडलं, "मार्यॉनिदा."

सुनेनं हे वाक्य म्हटलं नाही. ती चादरीची टोकं धरून जागीच उभी राहिली. ड्रायर फिरत होता आणि आत कुणाच्या तरी सदऱ्याची बटणं टकटक आपटत होती.

"कुठल्या म्हाताऱ्या बायका, आई?"

"जगातल्या सगळ्या. घरचं सांगायचं नाही म्हणाल्यात ना तुझ्या बाई?"

मग कामाचं काही सांगावं तसं तिनं सांगितलं, की उद्या चादरीचं दुसरं टोक इस्त्रीवाला धरणार आहे. तिनं त्याला दुपारीच विचारून ठेवलंय. त्याला घडी नीट जमत नाही, पण शिकेल. सुनेनं चादर परत ताणून धरली. मग ती म्हणाली, सकाळी लवकर निघावं लागेल.

"नीघ ना मग," सासू म्हणाली.

दोघी चालत मधोमध आल्या. चादर अजून गरम होती. सुनेनं ती सासूच्या हातात दिली, पण आपले हात काढले नाहीत.

"आणि सुनांचं काय लिहू?"

"सुना ना?" सासू म्हणाली. "सुना बहुधा..."

ती अडली. खालचे कोपरे जुळलेले होते, तरी तिनं ते परत जुळवले.

"ते नाही बाई मला सांगता यायचं. मला एकच आहे."