पिवळी रेष

यंत्र पास झालं, तर हेमकांतच्या पदरात प्रयोगशाळाप्रमुखाची खुर्ची पडणार होती आणि कळसाडीच्या पारावर वडिलांना चार माणसांत सांगायला विषय मिळणार होता. नापास झालं, तर सहा महिने कोळशाच्या भुकटीवर लेझर मारत बसलेला माणूस, एवढीच त्याची ओळख. परीक्षा उद्या होती आणि यंत्र परवापासून बिनसलं होतं.

कारखान्याच्या बॉयलरसाठी येणाऱ्या कोळशात राख किती, हे भट्टीत जाळून पाहायला अर्धा दिवस जाई. यंत्र भुकटीवर लेझर मारी, उठलेल्या ठिणगीचा उजेड रंगारंगांत फोडी आणि क्षणात राख सांगे. कोणत्या रंगावरून काय ओळखायचं, हे सहाशे नमुने पाहून यंत्राने आपलं आपणच ठरवलं होतं. भट्टीचा आणि त्याचा आकडा जुळत असे. आता मात्र निव्वळ दगड पुढे ठेवला, तरी ते त्याला अव्वल कोळसा म्हणत होतं.

हेमकांतने यंत्राचे हिशेब उलगडून पाहिले. ज्यांची राख होते, त्या माती-दगडाच्या रंगांकडे त्याचं फारसं लक्षच नव्हतं. सगळा भरवसा एका पिवळ्या रेषेवर. ती रेष मिठाची.

कोळशात मीठ आलं कुठून? तो शेडमध्ये गेला. तिथे सलाउद्दीनचाचा लोखंडी खलात नमुने कुटत आणि बोटांनी भुकटी पुडीत भरत. उन्हाळा चव्वेचाळीसवर होता. चाचांची दया येऊन परवाच हेमकांतने तिथे पंखा लावून दिला होता, आणि आपल्या चांगुलपणावर तो दोन दिवस खूशही होता. डबा खाताना पुड्या शेजारी असतात का, असं त्याने विचारलं, तेव्हा चाचांना रागच आला. एकवीस वर्षांत खरकटा हात कोळशाला लावला नव्हता त्यांनी. मग तेच जरा विचार करून हसले.

"घाम पडत व्हई, साहेब. चांगला कोळसा चार घावमा भुकटी व्हस. दगडवाला कुटता कुटता जीव निंघस."

हेमकांत शेडच्या उंबऱ्यावर बसला. कोळसा जितका वाईट, तितका घाम जास्त. घाम जास्त, तितकी रेष उजळ. सहा महिने यंत्र चाचांचा घाम वाचत होतं, आणि परवापासून घाम यायचा थांबला होता.

आता खरं सांगायचं, म्हणजे पहिल्या नमुन्यापासून सुरुवात. खुर्ची तेवढं थांबणारी नव्हती. त्याने चाचांना सगळं समजावलं. का समजावतोय, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. चाचांनी मान वर करून पंख्याकडे पाहिलं.

"मंग बंद करी द्या ना," ते म्हणाले. "इतला साल पंखा कोठे व्हता?"

नको म्हणायला हेमकांतने तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. बटण चाचांनीच दाबलं.

दुसऱ्या दिवशी सुरतेहून मालक आले. दहा नमुने झाले, दहाही बरोबर. बैल पसंत पडल्यावर फिरवतात तसा त्यांनी यंत्राच्या पाठीवरून हात फिरवला आणि चालवायला रोजचा खर्च किती येतो, ते विचारलं.

"थोडी वीज लागते," हेमकांत म्हणाला. "बाकी काही नाही."

शेडमध्ये चाचांनी अकरावा नमुना कुटायला घेतला होता. बाकी सगळा खर्च तिथे भरला जात होता.