कांग्याच्या काठावरची ओळ

“तिसरीत पोरं मनातल्या मनात वाचू लागतात, काळजी करू नका,” बाईंनी पालकांना सांगितलं होतं. अक्षरशत्रू सौमूला ते पटेना. ओठ न हलवता कसलं वाचन? तिने तिसरीतल्या लेकीची, झुहुराची, परीक्षा घ्यायची ठरवली आणि पेटीच्या तळाचा कांगा काढला; कमरेला गुंडाळायच्या या कापडाच्या काठावर छापलेल्या ओळीतून बायका एकमेकींना निरोप धाडत. धाकट्या बहिणीने भांडणानंतर पाठवलेला तो कांगा सात वर्षं घडीतच होता. त्यावरची ओळ टोमणाच असणार, दुसऱ्याकडून वाचून घ्यावी तर बंदरभर हसं. “वाच.” झुहुरा काठाकडे नुसती बघत राहिली. “बघ, येत नाही ना?” “वाचलं की, आई.” “मग बोल, मावशी काय म्हणते?” “म्हणते, चुकले मी, दार उघडं ठेव.” सौमूने कांगा कमरेला गुंडाळला, ओळ लोकांना दिसेल अशी, आणि म्हणाली, “चल मावशीकडं. वाटेत पुन्हा वाच, पण या वेळी मोठ्यानं.”