केतकीच्या कळ्या

गिऱ्हाइकांनी पुन्हा केतकीच्याच मोदकांची तारीफ केली, तसा शरयूताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या आठवड्यापर्यंत या पोरीला उकडीची पारीसुद्धा जमत नव्हती. मग मालकीणबाईंनी तिच्या कपाळाला आणि मनगटांना दुसऱ्या कुणाचं कसब भरलेले सराव-पट्टे बांधले. मेंदूला आणि बोटांना एकदमच वळण लागलं.

"आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातंय!" शरयूताई पुटपुटल्या. संधिवाताने आखडलेल्या त्यांच्या बोटांत मोदकाच्या कळ्या आताशा फाटायच्या.

चूक सापडावी म्हणून त्या केतकीच्या हातांकडे टक लावून बसल्या. नवी पारी घेऊन वाकताना केतकीने मनगटाने गळ्यावरचं काहीतरी पाठीवर सारल्यासारखं केलं. गळा तर मोकळाच होता. पुढच्या मोदकालाही तेच.

"हे काय गं सारखं?"

"काय माहीत, ताई. पट्ट्यांतूनच आलंय. ज्या बाईंच्या हातांवरून ते भरलेत, त्यांची सवय असणार."

शरयूताईंना आठवलं. फार वर्षांपूर्वी मालकीणबाईंनी असेच पट्टे त्यांना बांधले होते, "नुसतं तपासायला" म्हणून. तेव्हा बोटं मऊ होती, हे होते, आणि वाकलं की लांब मंगळसूत्र उकडीत लोंबायचं.

केतकीचा हात पुन्हा गळ्याशी गेला. शरयूताईंनी झटकन तिचं मनगट धरलं.

"कळ्या घे हव्या तर," त्या म्हणाल्या, "पण तेवढं करू नकोस. ते माझं आहे."