भाड्याचा ड्रेस

रविवारी चार पिढ्यांनी भिवंडीहून वज्रेश्वरीला जायचं ठरलं आणि ठकुबाई हरखल्या. कुंडाच्या गरम पाण्यात न्हाऊन देवीला जायची त्यांची रीत होती. “कुंडात? शी, आजी! किती लोकं उतरतात त्यात!” नातवानं मोबाइलवर रिसॉर्टचा निळा तलाव दाखवला. “आपण इथं डुंबायचं. फक्त साडी चालत न्हाय. नायलॉनचा ड्रेस भाड्यानं मिळतो.” पुढच्या फोटोतली भाड्याच्या ओल्या कपड्यांची रास पाहून ठकुबाईंनी मोबाइल दूर सारला. “माझ्याआधी तो कोणी घातला?” “धुतात गो ते.” “सासूचं उतरलेलं लुगडंसुद्धा मी कधी नेसले न्हाय, आणि आता कुणाच्याही अंगावरचा ओला कपडा घालू? मला कुंडाशी उतरव. मग तुम्ही जा म्हशींसारखे लोळायला!” नातू हसला, “एकटीच बसशील तिथं?” स्वयंपाकघरातून त्याची आई हात पुसत आली. सासूपुढे ती एरवी तोंड उघडत नसे. ती म्हणाली, “दोघींना उतरव.”