जादा शब्द चालणार नाही

"काकू, टायपिंग येतं ना तुम्हाला?" हरीनं विचारलं.

"परीक्षा पास आहे. तू पाळण्यात असशील तेव्हा," द्वारकाकाकू म्हणाल्या. "का रे? घाम कसला फुटलाय?"

हरीनं दार लोटून घेतलं. साल अठ्ठ्याऐंशी. कर्जतच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत त्यानं कंप्युटर बसवला होता. पुस्तकं एका तक्त्यात, लेखक दुसऱ्यात, कपाटं तिसऱ्यात आणि तिन्ही एकमेकांत गुंफलेले. खालापूरच्या वाचनालयातही असाच एक कंप्युटर होता. तिथल्या वाचकानं पुस्तक मागितलं की तिकडच्या यंत्रानं टेलिफोनच्या तारेवरून प्रश्न धाडायचा, इकडच्या यंत्रानं तक्ते धुंडाळून उत्तर द्यायचं.

आज ते दाखवायचं होतं. वाचनालय समितीची मंडळी सकाळच्या एसटीनं खालापूरला जाऊन बसली होती. जमलं तर हरीची नोकरी कायम. नाहीतर कंप्युटर परत, आणि हरीही परत.

"तार चालू आहे, काकू. प्रश्न येतील. पण तक्ते एकमेकांना ओळखच देत नाहीत. शोधायला सांगितलं की यंत्र नुसतं ढिम्म."

"मग?"

"मग उत्तरं तुम्ही द्यायची. कार्डं बघून. तोवर मी खटपट करतो."

काकूंचे डोळे चमकले. त्या वाचनालयाच्या खिडकीशी बसायला लागल्यापासून कर्जतात रहस्यकथा कुणी नेत नसे. पुस्तकावर शिक्का मारता मारता त्या खुनी कोण ते सांगून टाकत. एकदा कशेळ्याचा एक गृहस्थ कानात कापूस कोंबून आला, तर काकूंनी मुखपृष्ठावरच्या माणसावर बोट ठेवलं.

"पण एक ऐका," हरीनं हात जोडले. "प्रश्न ठरलेल्या साच्यातून येणार. लेखक, नाव, विषय. उत्तरही साच्यातच. कपाट, कप्पा, पुस्तक आहे की नाही. जादा एक शब्द नको. तिकडचं यंत्र पोपटनं बसवलंय. साच्याबाहेरचं काही आलं की ते किंचाळून बंद पडतं म्हणे."

"पोपट म्हणजे तो खोपोलीचा? तोऱ्यात चालणारा?"

"तोरा असेल, पण त्याचं काही चुकत नाही. यंत्राला धूळ नको म्हणून आतल्या खोलीत कुलपात ठेवलंय. झाडलोटीच्या बाईखेरीज कुणाला, अगदी समितीलाही, आत सोडत नाही. छापलेला कागद तेवढा बाहेर देतो."

पडद्यावर अक्षरं उमटली. विषय: भातशेती.

काकूंनी खण ओढला, कार्ड काढलं, बोटं चालवली. कपाट चार. कप्पा दोन. आहे.

पुढचा प्रश्न आला. नाव: काळ्या विहिरीचं रहस्य.

काकूंची बोटं हवेतच थांबली.

"काकू!" हरी टेबलाखालून ओरडला.

"नुसतं आडनाव सांगते रे खुन्याचं."

"पाया पडतो तुमच्या!"

"तिथून माझे पाय दिसतातच तुला. पड." पण त्यांनी टाइप केलं ते साच्यातलंच.

मग प्रश्नामागून प्रश्न आले. काकू शहाण्या मुलीसारख्या वागल्या. टेबलाखाली हरी तारा काढत होता, लावत होता, मध्येच देवाचं नाव घेत होता.

"ठरल्याप्रमाणे आता शेवटचा," तो म्हणाला.

विषय: पाककृती. नाव: उकडीचे प्रकार.

काकूंनी कपाट टाइप केलं, कप्पा टाइप केला, 'आहे' टाइप केलं. हरीची पाठ वळलेली पाहिली. मग त्यांना राहवेना. 'त्यात पाण्याचं प्रमाण चुकलंय. मोदक फुटतात.'

हरीनं मान वर करून पडदा वाचला आणि तो तिथेच फतकल मारून बसला.

"संपलं, काकू. गेली नोकरी."

"अरे, पण खरंच फुटतात."

"यंत्राला मोदक कळतात का?"

काकूंनी कार्ड खणात परत सरकवलं. पडद्यावर पुढे काही उमटेना. रस्त्यावरून एक टेंपो गेला. हरीनं सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं आणि समितीला काय सांगायचं ते पुटपुटायला लागला.

तेवढ्यात खालापूरहून अक्षरं यायला लागली. एकेक, सावकाश.

'मंग पानी किती घालू गं बाय? हितलं मशीन सकाळधरनं मेलंय, नुसती तार चालू हाय, समदे सवाल मीच हातानं लिवतेय, पन कर्जतच्या हरीला सांगू नको, पोपटनं शपथ घातलीय.'