एक फाटक, अल्फोन्ससाठी

"लाल केचप, पांढरं मेयोनीज. रेल्वेच्या फाटकाच्या दांड्यासारखं दिसतं, म्हणून तळलेल्या बटाट्यांच्या या बशीला ‘श्रांके’ म्हणायचं, म्हणजे फाटक. एवढं मला ठाऊक आहे, आजी," विब्के म्हणाली. "पण पहिल्यांदा म्हणालं कोण?"

हेडविगने तेलातली जाळी उचलून झटकली. गेल्झेनकिर्शेनमधली ती टपरी आता तिची भाची चालवायची, तरी दुपारी हेडविग येऊन उभी राहायचीच. विब्के विद्यापीठातून आली होती, खाण्याच्या शब्दांच्या हकिकती गोळा करत.

"इथं मी म्हणाले. दुसरीकडे कोण म्हणालं, देव जाणे."

"अल्फोन्सचं सांग की, हेटी," कोपऱ्यातून युप म्हणाला. त्याचं सगळं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलेलं.

हेडविगने हात पुसले.

"अल्फोन्स इथला फाटकवाला. एका सकाळी दाट धुकं होतं. त्याचा डोळा लागला, फाटक वरच राहिलं आणि गाडी आली. शाळेला निघालेली एक मुलगी गेली. तुरुंगातून सुटून आला तर गावात त्याच्याशी कोणी बोलेना. इथं मागच्या बाजूला येऊन उभा राहायचा. मी गुपचूप बशी द्यायची."

"मग?"

"त्याच्यापुढं फाटक हा शब्द कोणी काढत नसे. तो आला की सगळे चिडीचूप. त्या गप्प बसण्यानंच तो आतून झिजत चालला होता. एकदा मला बघवेना. बशीवर लाल-पांढरं घातलं आणि मोठ्यानं हाक दिली, ‘एक फाटक, अल्फोन्ससाठी.’"

"आमचे घास तोंडातच राहिले," युप म्हणाला. "तो पुढं आला. आमच्यात उभा राहून खाल्लं त्यानं, रडत रडत. मग मी म्हटलं, हेटी, मलाही एक फाटक दे. तेव्हापासून सगळे तेच म्हणतात."

"फार जीव होता तुमचा त्यांच्यावर," विब्के म्हणाली.

"रोजचं माणूस होतं," हेडविग म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

युप विब्केला ट्रामपर्यंत पोचवायला निघाला.

"पुढं आजींनी त्यांच्याशी लग्न केलं का हो?" तिनं विचारलं.

युप चालता चालता थांबला.

"लग्न कसलं, पोरी," तो हळू आवाजात म्हणाला. "गाडीखाली गेली ती मुलगी हिचीच."